शाळा बंदचा मेसेज आणि सरांचं पगारपत्रक

७ जुलै २०२५ ची गोष्ट, सोमवार होता. आषाढी आदल्याच दिवशी झालेली, आमचं तालुक्याचं गाव पंढरपूरपासून दीड तासावर, त्यामुळं त्या आठवड्यात सगळंच विस्कटलेलं असतं, एसट्या वारीला लागलेल्या, घरात पाहुणे, पोरांची पुस्तकं दप्तरातच. मोठी मुलगी दहावीला, आता उद्यापासून तिचा अभ्यास मार्गी लागेल असं मनात धरून मी कामावर बसले होते आणि दुपारी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की ८ आणि ९ जुलैला शाळा बंद राहील, शिक्षक आंदोलनासाठी मुंबईला आझाद मैदानावर जाणार आहेत.

मी एका छोट्या पतसंस्थेत क्लार्क आहे, काउंटरची कॅश आणि कर्जाच्या फायली दोन्ही माझ्याकडं. मेसेज वाचून डोकं तापलेलं आणि नेमके तासाभरात तिच्या गणिताचे सर काउंटरला आले, बचत खात्यातून दीड हजार काढायला. मी चार लोकांदेखत बोलून गेले, "सर, दहावीची पोरं वाऱ्यावर सोडून पगारवाढीसाठी मुंबईला जाता, बरं दिसतं का हे?" सर काही बोलले नाहीत. स्लिपवर सही केली, पैसे मोजून खिशात ठेवले आणि मग पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढून काचेखालून माझ्याकडं सरकवला. मे महिन्याचं पगारपत्रक होतं. "ताई, पगारवाढ नकोय, ठरलेला पगार पाहिजे. निवांत वाचा, आल्यावर परत घेतो," एवढंच म्हणाले आणि गेले, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची होती त्यांना.

संध्याकाळी कॅश टॅली झाल्यावर मी तो कागद उघडला. हातात पडलेली रक्कम पंचवीस हजारांच्या आत. कडेला पेन्सिलनं लिहिलेलं, ४०%. बीएससी बीएड माणूस, पंधरा वर्षं झाली शिकवतोय, त्याच्याइतक्याच शिक्षणाचा दुसऱ्या शाळेतला माणूस साठ हजारांच्या पुढं पगार घेतो हे मला पक्कं माहीत, कारण त्या दुसऱ्या शाळेच्या लोकांच्या कर्जाच्या फायली मीच करते. आणि मग आठवलं की या सरांचीही फाईल माझ्याकडं येऊन गेलीय. दोन वर्षांमागं घराच्या स्लॅबसाठी कर्ज मागितलं होतं, पगारातून हप्ता गेल्यावर घरखर्चाला पुरेसं उरत नाही म्हणून मीच शेरा मारून ती फाईल परत केली होती. म्हणजे माहिती माझ्या ड्रॉवरमध्येच होती, पण त्या आकड्यामागं काय आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. शाळा बंद झाली आणि माझ्या पोरीचं नुकसान व्हायला लागलं तेव्हा कुठं मी विचारलं, हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड मुख्याध्यापकांकडं गेले, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, वय सत्तरीच्या पुढं. मी विचारलं, गुरुजी हे चाळीस टक्के म्हणजे काय प्रकार आहे? त्यांनी आधी मला माझ्याच रस्त्यावरच्या शाळा मोजायला लावल्या. जिल्हा परिषदेची शाळा, तिथं माझा धाकटा जातो, तिथले शिक्षक झेडपीचे. तिच्यापुढं जुनं हायस्कूल, शंभर टक्के अनुदानित, म्हणजे शाळा संस्थेची, नेमणूक संस्था करते पण पगार सगळा सरकार देतं. मग मुलीची शाळा, अंशतः अनुदानित. आणि हायवेच्या कडेला नवीन इंग्लिश मीडियम, स्वयंअर्थसहाय्यित, तिथं संस्था देईल तो पगार. चारही शाळांत पोरं गावातलीच, काम शिकवायचंच, पण महिन्याच्या एक तारखेला चौघांच्या घरात वेगवेगळी परिस्थिती. गुरुजी म्हणाले, अगं तुम्ही पालक लोक सगळ्यांना एकच शब्द वापरता, 'मास्तर', आणि सगळ्यांना एकच पगार आहे असं धरून चालता, तिथंच घोळ होतो.

मग त्यांनी मागची गोष्ट सांगितली, ती मी समजली तशी लिहिते. पूर्वी नवीन शाळा काढली की काही वर्षं संस्थेनं चालवायची आणि नंतर सरकार टप्प्याटप्प्यानं अनुदान द्यायचं अशी पद्धत होती. २००१ साली सरकारनं ठरवलं की यापुढं नवीन शाळांना परवानगी 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच द्यायची, म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही. तरी खेड्यापाड्यात शाळा निघतच राहिल्या कारण पोरांना जवळ हायस्कूल नव्हतं, मुलींना तर सातवीनंतर घरीच बसवायचे. शिक्षक लागले, कोणी दोन हजारावर, कोणी नुसतं 'उद्या अनुदान येईल' या शब्दावर. जुलै २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला. गुरुजी म्हणाले त्या दिवशी कितीतरी शाळांत पेढे वाटले होते. पण शब्द गेला तरी पैसे आले नाहीत, आधी शाळांचं मूल्यांकन, मग याद्या, मग त्रुटी, मग परत याद्या, असं करत करत २०१६ साली पहिलं २० टक्के अनुदान मिळालं. म्हणजे २००९ ला लग्नाच्या वयाचा असलेला शिक्षक २०१६ ला पगाराचा पाचवा हिस्सा घ्यायला लागला. नंतर आंदोलनं झाली की पुढचा टप्पा, फेब्रुवारी २०२३ मध्ये अजून एक टप्पा झाला, वीसवाले चाळीसवर गेले, चाळीसवाले साठवर. सर चाळीसवाले.

मी विचारलं, उरलेले साठ टक्के कोण देतं? गुरुजी म्हणाले, कागदावर संस्थेनं द्यायचे. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे, त्यात वेतनश्रेणी सगळं लिहिलेलं आहे. पण ग्रामीण भागातली संस्था, फी नावाला, देणगी नाही, ती कुठून देणार? आणि शिक्षक तरी कुणावर केस करणार, ज्याच्या सहीनं नोकरी टिकलीय त्याच्यावर?

एवढं ऐकूनही माझा मुख्य प्रश्न तसाच होता की आत्ताच का, जुलैमध्येच का, शाळा सुरू होऊन महिनाही झाला नाही. तेव्हा गुरुजींनी मोबाईलवर एक पीडीएफ दाखवली, १४ ऑक्टोबर २०२४ चा शासन निर्णय, म्हणजे जीआर. त्यात या शाळांना पुढचा २० टक्क्यांचा टप्पा मंजूर केलेला. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली. निवडणूक झाली, सरकार आलं, मार्चमध्ये बजेट झालं, पण या टप्प्यासाठी पैशाची तरतूद झाली नाही. जीआर आहे, पैसे नाहीत. नऊ महिने शिक्षक विचारत होते आमच्या मंजूर टप्प्याचं काय, आणि ३० जूनला पावसाळी अधिवेशन सुरू झालं म्हणून ते मुंबईत जमले. अधिवेशनातच पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटमध्ये न धरलेला जादा खर्च, मंजूर होतात, त्यात पैसे टाकले नाहीत तर पुढच्या अधिवेशनापर्यंत वाट बघा. म्हणून जुलै. मला एकदम लख्ख दिसलं कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, जीआर म्हणजे लिहून सही करून दिलेला चेक आणि तरतूद म्हणजे खात्यातली शिल्लक. आमच्याकडं कुणी असा चेक दिला तर बँक 'शिल्लक अपुरी' म्हणून तो परत करते आणि चेक देणाऱ्याला दंड लागतो. इथं चेक हातात घेऊन पन्नाशीची माणसं पावसात मैदानावर बसली होती.

८ आणि ९ तारखेला मी टीव्ही लावून ठेवला होता, एरवी बातम्या बघत नाही. आझाद मैदानात नुसता चिखल, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर धरून बाया-माणसं उभी, त्यात आपले सर दिसतात का म्हणून मुलगी टीव्हीला नाक लावून बसलेली. ९ तारखेला शरद पवार तिथं जाऊन आले, इतर पक्षांचेही नेते गेले, आणि नंतर सरकारकडून मंत्री गिरीश महाजन मैदानात आले आणि टप्प्याचे पैसे देतो असं सांगितलं. मुलगी म्हणाली, आई म्हणजे आता मिळाले का पैसे? मी म्हटलं नाही, आता परत चेक मिळालाय.

१० जुलैला गुरुपौर्णिमा होती. शाळा भरली. सर पहाटे कुर्डुवाडीला उतरून मिळेल त्या गाडीनं थेट शाळेत आलेले, मुलगी सांगत होती की पँटच्या खालच्या बाजूला वाळलेला चिखल तसाच होता आणि पोरींनी दिलेली फुलं टेबलावर ठेवून त्यांनी पहिला तास घेतला, वर्गसमीकरणं. संध्याकाळी मी स्वतः शाळेत जाऊन पगारपत्रक परत दिलं आणि काउंटरवर बोलले त्याबद्दल माफी मागितली. सर म्हणाले, "ताई तुम्ही बोललात ते पालक म्हणून बरोबरच होतं, मला पण माझ्या पोराच्या शाळेचा असा मेसेज आला तर रागच येईल."

त्यानंतर आम्ही पाच-सहा पालक शिक्षक-पालक संघाच्या नावानं जिल्ह्याला शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडं निवेदन घेऊन गेलो. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी असतात पण त्यांचं मुख्य काम प्राथमिकचं, हायस्कूलच्या पगाराचं सगळं जिल्ह्यावरून चालतं, हेही मला तोवर माहीत नव्हतं. निवेदनात दोनच गोष्टी लिहिल्या होत्या, बुडालेले दोन दिवस जादा तासांनी भरून मिळावेत आणि मंजूर टप्प्याचे पैसे शिक्षकांना मिळावेत म्हणजे परत शाळा बंद होणार नाही. दुसरी ओळ लिहायची की नाही यावरून आमच्यातच वाद झाला, एक दादा म्हणाले आपण पालक आहोत, शिक्षकांची वकिली कशाला. मी म्हटलं दादा, वर्गात छप्पर गळत असेल तर आपण नुसतं पोरगं भिजलं म्हणून तक्रार करतो का छप्पर दुरुस्त करा म्हणतो? शेवटी दोन्ही ओळी राहिल्या.

तिथं वेतन पथकाच्या टेबलावर एक वयस्कर क्लार्क होते, त्यांनी आम्हाला दहा मिनिटं बसवून पगार कसा निघतो ते सांगितलं, मला त्यांचे खूप आभार मानायचेत. मुख्याध्यापक दर महिन्याला शालार्थ नावाच्या ऑनलाईन प्रणालीत बिल तयार करतात, ते वेतन पथकाकडं येतं, तपासून कोषागारात जातं, तिथून शिक्षकाच्या बँक खात्यात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर अनुदानाची रक्कम आलेली नसली की पूर्ण जिल्ह्याचे पगार थांबतात, त्यात कुणा एका क्लार्कचा दोष नसतो. आणि ज्याला शालार्थ आयडी नाही तो या यंत्रणेत दिसतच नाही. मुलीच्या शाळेत मराठीच्या एक मॅडम आहेत, त्यांचा आयडीचा प्रस्ताव कितीतरी दिवस वर पडून आहे, त्या संस्था देईल त्या मानधनावर येतात, एसटीचा पास काढून. त्या मॅडम संपावर गेल्या काय आणि न गेल्या काय, त्यांचा पगार कापायला मुळात पगारच नाही. त्या ८ तारखेला मुंबईला गेल्या नाहीत, जायला पैसे नव्हते. शाळा बंद असताना त्यांनी त्यांच्या घरी आठवीच्या पोरींना बोलावून व्याकरण घेतलं.

आता इतर वेळच्या बंदबद्दल पण लिहिते, कारण माझ्या दोन पोरांमुळं गेल्या तीन वर्षांत मी चार वेळा शाळा बंद पाहिली आणि चारही वेळा गल्लीत एकच वाक्य ऐकलं की 'यांना पगार पुरत नाही'. खरं तर चारही वेळची कारणं निराळी होती.

पहिली मार्च २०२३, १४ ते २० तारीख. ती जुन्या पेन्शनची. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती, पगारातून कपात होऊन बाजारात गुंतवलेल्या रकमेवर जे मिळेल ते. त्या संपात शिक्षकांबरोबर तहसील, दवाखाना, झेडपी सगळेच होते. दहावी-बारावीची परीक्षा चालू असताना संप झाला, पेपर झाले पण तपासणीवर बहिष्कार होता आणि पालकांचा जीव टांगणीला लागला होता. धाकटा तेव्हा पहिलीत, खिचडी बंद झाली होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशी आमच्याकडं रोज वीस रुपये पिग्मी भरतात, त्या आठवड्यात एकदाही आल्या नाहीत. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही माझं मत आहे की शाळा बंद झाली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त फटका त्यांनाच बसतो ज्यांच्या घरी दुसरी सोय नाही. ट्यूशन लावणाऱ्याची पोरं सात दिवस सहज काढतात, ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आजीकडं असतात, ती सात दिवस शाळा नाही म्हटलं की आठव्या दिवशी पण येत नाहीत.

त्याच संपाच्या पहिल्या दिवशी विधिमंडळात मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतले संप रोखणाऱ्या कायद्याचं, विधेयक मंजूर झालं होतं. गुरुजींनी सांगितलं की संप करणं हा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं २००३ सालीच तमिळनाडूच्या केसमध्ये म्हटलेलं आहे, त्यामुळं शिक्षक संपावर जातो तेव्हा तो पगार आणि नोकरी दोन्हीची जोखीम घेऊन जातो. त्यांना स्वतःला १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेला सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप आठवतो, केंद्राएवढा महागाई भत्ता द्या ही मागणी होती, तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागलेले. म्हणाले वाण्यानं दोन महिने उधार दिलं म्हणून किती तरी घरं चालली, नाहीतर नाही.

पेन्शनच्या बाबतीत सरांच्या शाळेसारख्या शाळांतल्या जुन्या शिक्षकांची अजून एक अडचण आहे जी टीव्हीवर कुणी सांगितली नाही. काही शिक्षक २००५ च्या आधीच नोकरीला लागले, पण त्यांच्या शाळेला तोवर शंभर टक्के अनुदान आलं नव्हतं, मग जुनी पेन्शन त्यांना लागू नाही असं धरलं गेलं. नोकरीची तारीख जुनी आणि पेन्शन नवीन. अनुदान उशिरा आलं ही त्यांची चूक कशी? माझ्याकडं असे दोन खातेदार आहेत, एक गेल्या वर्षी रिटायर झाले आणि आता मुलाच्या किराणा दुकानात बसतात.

दुसरी बंद २५ सप्टेंबर २०२४ ची, ती फक्त प्राथमिकची, सामूहिक रजा घेऊन मोर्चे. ती पगाराची नव्हतीच मुळी. १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचा, म्हणजे पटावर किती पोरं असली की किती शिक्षक द्यायचे याचा नवीन जीआर निघाला होता, आणि कमी पटाच्या शाळेत कायम शिक्षकाऐवजी कंत्राटी माणूस द्यायचं ठरत होतं. वाडीवरच्या शाळेत अठरा पोरं असली म्हणजे ती पोरं कमी महत्त्वाची होत नाहीत. शिक्षक माझ्याच पोराच्या वर्गासाठी मोर्चात गेलेत हे मला त्या दिवशी कळलं असतं तर मी चहाची किटली घेऊन गेले असते.

तिसरी ही जुलैची. आणि चौथी ५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबरला निकाल दिला की ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहेत त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. धाकट्याच्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत, त्या लागल्या तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. २३ नोव्हेंबरला टीईटी झाली तेव्हा त्या पण बसल्या, रात्री स्वयंपाक आटपून बालमानसशास्त्र वाचत होत्या. शिक्षकानं परीक्षा द्यावी याला माझा विरोध नाही, उलट शिकवणाऱ्यानं शिकत राहावं असंच मला वाटतं, पण वीस वर्षं नोकरी झाल्यावर एका पेपरवर घर टांगायचं हे मला पटत नाही. त्या बंदच्या आधीच एक दिवसाचा पगार कापायचं पत्र निघालं होतं. बाई म्हणाल्या कापू देत, आणि गेल्या.

या चार वेळांतून मला कामाचं एक कळलं, ते दुसऱ्या पालकांसाठी सांगते. बंदचा मेसेज आला की ग्रुपवर राग काढायच्या आधी मुख्याध्यापकांना फोन करून विचारा की मागणी नेमकी कशाची, त्याचा जीआर निघालाय का, आणि जीआर निघाला असेल तर तरतूद झालीय का. जीआर सरकारच्या वेबसाईटवर मराठीत असतात, तारीख टाकली की सापडतात, भाषा जड वाटते पण 'शासन निर्णय' या मथळ्याखाली मुद्दा असतो. आणि बुडालेल्या दिवसांचा हिशोब लिहून मागा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असं आहे, तेव्हा बंद झालेला दिवस भरून देणं ही मेहरबानी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथं ठराव करून घ्या. धाकट्याच्या शाळेत आम्ही सप्टेंबरमध्ये तसा ठराव केला आणि दोन शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरली, बाईंनी कुरकूर केली नाही.

शिक्षकांनाही एक सांगायचंय, मनापासून. आदल्या दिवशी दुपारी दोन ओळींचा मेसेज टाकून शाळा बंद करू नका. आठ दिवस आधी पालकांना बोलवा, पगारपत्रक फळ्यावर चिकटवा, लाज वाटून घेऊ नका, तो आकडा तुमची लाज नाही. सरांनी तो कागद मला काचेखालून दाखवला नसता तर मी आजही 'पगारवाढ, पगारवाढ' म्हणत बसले असते. जुलैनंतर सरांनी रविवारी सकाळी आठ ते दहा भूमितीचे तास घेतले, पाच रविवार, सगळी दहावी यायची, आम्ही बायका आळीपाळीनं पोहे करून पाठवायचो.

जुलै संपताना मंत्रिमंडळात टप्प्याचा निर्णय झाला, ९७० कोटींच्या आसपास खर्च धरला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून वाढीव टप्पा लागू झाला. ऑक्टोबर २०२४ च्या जीआरपासून मधल्या महिन्यांचं काय, तर ते गेले.

परवा सर पतसंस्थेत आले होते. यावेळी पिशवीतून काढलेल्या पगारपत्रकावर पेन्सिलनं काही लिहिलेलं नव्हतं, साठ टक्क्यांची रक्कम होती. स्लॅबसाठी परत अर्ज केलाय, त्यांनी दोन वर्षांपूर्वीएवढीच रक्कम लिहिली होती, मी म्हटलं सर आता सिमेंट-सळईचा दर तेवढा राहिला नाही, जास्त लिहा. ते म्हणाले नको, पुढच्या टप्प्याच्या भरवशावर हप्ता बांधून घेत नाही. एक जामीनदार जुन्या हायस्कूलचे शंभर टक्केवाले आहेत, दुसरा मिळत नव्हता, मग गुरुजींनी सही करतो म्हटलं पण रिटायर माणूस आमच्या नियमात बसत नाही. शेवटी माझे मिस्टर दुसरे जामीनदार झाले. नात्यातला माणूस जामीन असल्यामुळं त्या फाईलवर मी शेरा लिहू शकत नाही, ती मॅनेजर साहेबांकडं दिलीय, शनिवारी संचालक मंडळाची मीटिंग आहे.